पाऊस मोजणाऱ्या आज्ञावलीचे परीक्षण

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, कधीकधी उपकरणाचेही होते. उपकरणाच्या पोटात जी आज्ञावली चालते तिचे परीक्षण मात्र सहसा कोणी करीत नाही. ती यंत्राबरोबर येते, यंत्रात भरली जाते आणि विसरली जाते. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका आज्ञावलीचे परीक्षण करणार आहोत. ती अवघ्या सात ओळींची आहे. पण तिच्यामुळे एका पावसाळ्यात आम्ही एका सज्जन माणसावर अविश्वास दाखवला, म्हणून ती लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे.

आधी जागा पाहू. गगनबावडा हे कोल्हापूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर आहे. तेथून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट खाली सिंधुदुर्गात उतरतात. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे हा कडा चढतात, थंड होतात आणि माथ्यावर पाणी ओततात. त्यामुळे येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. येथून सुमारे पंचावन्न किलोमीटर पूर्वेला असलेल्या कोल्हापूर शहरात तो हजार मिलिमीटरच्या आसपास असतो. माथ्यावरचे हे पाणी कुंभी नदीतून खाली येते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांच्या संगमातून पंचगंगा होते आणि राजाराम बंधाऱ्यावर तिची पातळी ३९ फुटांना इशारा व ४३ फुटांना धोका मानली जाते. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षांचे महापूर कोल्हापूरकरांना कोणी सांगायला नकोत. म्हणजे गगनबावड्यातील पावसाचा आकडा हा केवळ भूगोलाच्या पुस्तकातील आकडा नव्हे. तो खालच्या गावांसाठी काही तास आधी मिळणारा निरोप आहे.

हा निरोप आणण्यासाठी पूर्वी एकच सोय होती. साधा पर्जन्यमापक, मोजपात्र आणि सकाळी साडेआठ वाजता वाचन करणारा माणूस. भारतीय हवामानशास्त्र विभागाची ही पद्धत आजही चालू आहे आणि ती उत्तम आहे. पण तिच्यातून चोवीस तासांची बेरीजच कळते. रात्री दोन ते चार या वेळात किती कोसळला हे ती सांगू शकत नाही. म्हणून स्वयंचलित केंद्रे आली. जलविज्ञान प्रकल्पाच्या २००६ ते २०१४ या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा व भीमा खोऱ्यांसाठी तत्काळ माहिती मिळवणारी यंत्रणा उभारण्यात आली. पुढे महावेध प्रकल्पातून राज्यभर, महसूल मंडळांच्या पातळीवर, दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसवण्यात आली. आज हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केंद्राने नोंदवलेला आकडा शेतकऱ्याला भरपाई मिळणार की नाही हे ठरवतो. ही वाटचाल स्वागतार्हच आहे. मध्यरात्री, मुसळधार पावसात, धुक्यात हरवलेल्या माथ्यावर कोणी माणूस दर दहा मिनिटांनी जाऊन मोजावे अशी अपेक्षा करणे अमानुष ठरेल.

अशा केंद्राचे हृदय म्हणजे डेटा लॉगर. संवेदकांकडून विद्युतदाब किंवा स्पंद घेऊन त्यांचे आकड्यांत रूपांतर करणारा आणि ते साठवणारा हा छोटा संगणक. त्याला घरातील संगणकासारखी भिंतीतली वीज मिळत नाही. बॅटरी आणि सौरपटल यांवर त्याची गुजराण असते आणि गगनबावड्यात जुलै महिन्यात सूर्य अनेक दिवस दिसत नाही. म्हणून लॉगरची आज्ञावली लिहिणाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात. कोणत्या संवेदकाला वीज केव्हा द्यायची? आणि कोणते वाचन केव्हा घ्यायचे? वरवर हे प्रश्न काटकसरीचे वाटतात. प्रत्यक्षात, आपल्याला निसर्गातील काय दिसावे आणि काय दिसू नये, याचा निर्णय तेथे होतो.

काही वर्षांपूर्वी या परिसरात आम्ही एक केंद्र चालवत होतो. त्यातील आज्ञावली यंत्र पुरवणाऱ्याकडून तयार आली होती. तिचा मराठी सारांश असा :

१. दर दहा मिनिटांनी संवेदकांचा विद्युतपुरवठा चालू करा.
२. पाच सेकंद थांबा.
३. तापमान, आर्द्रता, वाऱ्याची दिशा आणि ओढ्याची पातळी वाचा.
४. पुरवठा बंद करा.
५. वाचने व पावसाची बेरीज साठवा.
६. तास पुरा झाला असेल, किंवा गेल्या दहा मिनिटांत मोठा पाऊस झाला असेल, तर मॉडेम चालू करून आकडे पाठवा.
७. पुढची दहा मिनिटे पुरी होईपर्यंत पर्जन्यमापकाच्या स्विचकडे पाहत राहा. तो मिटला की एक मिळवा.

प्रथम हिचे गुण सांगितले पाहिजेत. पहिल्या चार ओळी निर्दोष आहेत. अनेक नवशिके सर्व संवेदक चोवीस तास चालू ठेवतात आणि त्यातून दोन तोटे होतात. एक बॅटरीचा. दुसरा तोटा ध्यानात यायला वेळ लागतो, तो म्हणजे संवेदक स्वतःच बिघडतो किंवा खोटे बोलू लागतो. सतत वीज वाहणारा तापमान-संवेदक स्वतःच्याच उष्णतेने किंचित तापतो. शाळांत वापरला जाणारा मातीतील ओलाव्याचा स्वस्त, दोन दातांचा संवेदक एकाच दिशेच्या सततच्या प्रवाहाने विद्युतविच्छेदन होऊन काही आठवड्यांत झिजून जातो. विद्यार्थ्यांना वाटते, मालच खराब होता. माल साधा होता हे खरे, पण वापरही चुकीचा होता. वाचनापुरतीच वीज दिली तर तोच संवेदक कितीतरी अधिक टिकतो.

दुसऱ्या ओळीतील पाच सेकंदही योग्य आहेत. वीज मिळताच संवेदक खरे बोलू लागत नाही, त्याला स्थिरावायला वेळ लागतो. काही संवेदकांना सेकंदाचा अंश पुरतो, काहींना अनेक सेकंद लागतात. घाईने वाचले तर आकडा येतो, पण तो संवेदकाच्या जागे होण्याचा असतो, हवेचा नव्हे. हा काळ प्रयोगाने काढता येतो. पुरवठा चालू केल्यापासून दर दशांश सेकंदाला वाचन घ्यावे, आलेख काढावा, रेषा आडवी कोठे होते ते पाहावे आणि सावधगिरी म्हणून त्याच्या दुप्पट वेळ थांबावे. आठवी-नववीच्या वर्गात एका तासिकेत होण्यासारखा हा प्रयोग आहे.

सहाव्या ओळीमागचा हेतू तर कौतुकास्पद आहे. पाऊस वाढला की निरोपही लवकर जावा, हे पूरसूचनेच्या दृष्टीने अगदी बरोबर. मग दोष कोठे आहे?

दोष सातव्या ओळीत आहे, आणि तो इतरांच्या सावलीत लपलेला आहे. तो समजण्यासाठी पर्जन्यमापक कसा काम करतो ते आठवू. नरसाळ्यातून आलेले पाणी तराजूसारख्या दोन कप्प्यांपैकी एकात जमते. ०.२ मिलिमीटर पावसाइतके पाणी जमले की तो कप्पा पलटतो, दुसरा वर येतो. पलटताना एक चुंबक रीड स्विचजवळून जातो आणि स्विच क्षणभर, साधारण सेकंदाचा दहावा भाग, मिटतो. या पर्जन्यमापकाला स्वतःची वीज लागत नाही. पण त्या क्षणी पाहणारा कोणीतरी असावा लागतो.

तापमान हे वाहत्या नदीसारखे आहे. आता पाहिले नाही तर दहा मिनिटांनी पाहावे, फार बिघडत नाही. कप्प्याचे पलटणे हे दारावरच्या टकटकीसारखे आहे. तेव्हा ऐकले नाही तर ती टकटक कायमची गेली. आमच्या आज्ञावलीत लॉगर फक्त सातव्या ओळीत असतानाच ऐकत होता. दुसऱ्या ओळीत पाच सेकंद थांबताना तो बहिरा होता. सहाव्या ओळीत मॉडेमशी बोलताना तो सुमारे एक मिनिट बहिरा होता.

आता हिशेब करू. रिमझिम पावसात तासाला एकदाच आकडे जात. म्हणजे ३६०० सेकंदांपैकी संवेदकांचे सहा वेळा पाच मिळून ३० आणि मॉडेमचे ६०, असे ९० सेकंद बहिरेपणाचे. नुकसान अडीच टक्के. कोणाच्या ध्यानातही येणार नाही. मोठ्या पावसात मात्र दर दहा मिनिटांनी आकडे जात. तेव्हा ६०० सेकंदांपैकी ६५ सेकंद बहिरे. नुकसान जवळजवळ अकरा टक्के. म्हणजे पाऊस जितका महत्त्वाचा तितका तो अधिक हरवत होता! ज्या ओळीने निरोप लवकर पोचवायचा, तीच ओळ निरोपातील मजकूर खात होती.

यंत्राची जन्मजात उणीवही याच दिशेने ओढते. ताशी १०० मिलिमीटर पाऊस पडत असेल तर ०.२ मिलिमीटरचा कप्पा तासात ५०० वेळा, म्हणजे दर ७.२ सेकंदांनी पलटतो. पलटायला अर्धा सेकंद लागतो आणि त्यातील पहिल्या अर्ध्या वेळात पाणी भरलेल्याच कप्प्यात पडून वाया जाते असे धरले, तर साडेतीन टक्के तेथेच गेले. ही उणीव जुन्या स्वयंलेखी पर्जन्यमापकातही वेगळ्या रूपात होती. त्याची टाकी १० मिलिमीटरला भरली की सायफनने रिकामी होई आणि त्या काही सेकंदांतला पाऊस नोंदीतून निसटे. म्हणूनच जुन्या निरीक्षकांनी एक शहाणपणाचा नियम घालून दिला होता. स्वयंलेखी यंत्राशेजारी साधा पर्जन्यमापक ठेवावा आणि एकूण पावसासाठी त्याचाच आकडा प्रमाण मानावा.

आमच्या केंद्रावरही साधा पर्जन्यमापक होता. तेथील गृहस्थांना आम्ही सर्वजण मामा म्हणत असू. मामा रोज सकाळी साडेआठला पाणी मोजत. मोठ्या पावसात बाटली भरून वाहू नये म्हणून मध्येच एकदा रात्रीही मोजत. थोड्या पावसाच्या दिवशी मामांचा आणि यंत्राचा आकडा जुळे. मोठ्या पावसाच्या दिवशी मामांचा आकडा जास्त येई. आम्ही काय केले? वहीत त्या दिवसांपुढे ‘निरीक्षकाची चूक’ असा शेरा मारला. एवढ्या पावसात, कंदिलाच्या उजेडात, मोजपात्र नीट धरले नसेल, कधी दोनदा ओतले असेल, असे तर्क आम्ही कोल्हापुरात कोरड्या खोलीत बसून केले. एकदा आम्ही ते मामांना विचारलेही. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, मी पानी मापूनच वतलंय. मशिनीला इचारा.”

मशिनीला विचारायला आम्हाला पुढचा उन्हाळा उजाडला. खरे तर केंद्र बसवण्यापूर्वी आम्ही प्रयोगशाळेत चाचणी घेतली होती आणि ती उत्तम उतरली होती. कारण चाचणीच्या वेळी मॉडेम जोडलेलाच नव्हता! मॉडेम जोडून, मोठ्या पावसाच्या गतीने पाणी सोडून पाहिले तेव्हा टकटकी हरवताना दिसल्या. मामांची मोजणी बरोबर होती. वहीतील शेरे आम्ही खोडले आणि शेजारी खरे कारण लिहिले. ते शेरे एक पावसाळाभर तसेच राहिले याची लाज मात्र खोडता आली नाही.

येथे कोणी विचारील, यात आज्ञावली लिहिणाऱ्याचा काय दोष, वीज वाचवायची तर एवढी किंमत मोजावीच लागेल. हा युक्तिवाद तपासून पाहू. हिशेबापुरते काही आकडे धरू. बॅटरी ७ अँपिअर-तासांची. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण रिकामी केली की लवकर मरते, म्हणून वापरण्याजोगी निम्मी, म्हणजे ३५०० मिलिअँपिअर-तास. सर्व संवेदक मिळून ३५ मिलिअँपिअर, लॉगर जागा असताना १५, झोपेत १, आणि मॉडेम बोलताना १२०. सौरपटलाकडून काहीच मिळत नाही असे समजू.

सर्व काही सतत चालू ठेवले तर मॉडेमशिवायच ५० मिलिअँपिअर लागतात. बॅटरी ७० तास, म्हणजे तीनच दिवस टिकते. आमच्या सात ओळींत संवेदक ६०० सेकंदांपैकी पाचच चालू असतात, म्हणून त्यांचा सरासरी खर्च ०.३ मिलिअँपिअरवर येतो. तासाला एक मिनिट बोलणाऱ्या मॉडेमचा २. पण सातव्या ओळीत ‘पाहत राहण्यासाठी’ लॉगरला जागे राहावे लागते, त्याचे १५. एकूण १७.३. बॅटरी टिकते सुमारे साडेआठ दिवस. संवेदकांवर एवढी काटकसर केली आणि ती सारी पहाऱ्यावर खर्च झाली.

आता सातवी ओळ बदलू. लॉगरमध्ये स्पंद मोजणारा स्वतंत्र गणक असतो; लहान सूक्ष्मनियंत्रकांत इंटरप्टची सोय असते. म्हणजे मुख्य आज्ञावली झोपलेली असो, थांबलेली असो वा मॉडेमशी बोलत असो, स्विच मिटला की गणक आपोआप एकाने वाढतो. मग सातवी ओळ एवढीच उरते : ‘झोपा, गणक मोजत राहील.’ लॉगरचा झोपेतील १, संवेदकांचा ०.३, मॉडेमचे २ आणि मधूनमधून जागे होण्याचे सुमारे ०.४ धरले तर एकूण ३.७. बॅटरी सूर्याशिवाय ३९ दिवस टिकते. अतिवृष्टीत दर दहा मिनिटांनी आकडे पाठवले तरी खर्च सुमारे १५ मिलिअँपिअर होतो आणि तसे सलग नऊ दिवसांहून अधिक काळ पाठवता येतात. याचा अर्थ स्पष्ट आहे. बरोबर आज्ञावली महाग नव्हती, स्वस्तच होती. आमच्या आज्ञावलीत अचूकता आणि काटकसर यांपैकी एकाची निवड झालेलीच नव्हती. दोन्ही गमावली होती.

अर्थात नवी ओळही डोळे मिटून स्वीकारू नये. स्विचचे टोक मिटताना किंचित थरथरते आणि एक पलटणे दोनदा मोजले जाऊ शकते. म्हणून एका स्पंदानंतर काही मिलिसेकंद येणारे स्पंद दुर्लक्षित करावे लागतात. दुसरे, गणकाला जोडलेली तार संवेदकांच्या चालू-बंद होणाऱ्या पुरवठ्यावर घेऊ नये. तो बंद होताच गणक आंधळा होतो. ती लॉगरच्या कायम पुरवठ्यावरच हवी. एकाची चूक दुरुस्त करताना दुसरी शिरते, हे या क्षेत्रातले नित्याचे आहे.

तिसऱ्या ओळीबद्दलही एक आक्षेप राहतो. वाऱ्याची दिशा दहा मिनिटांतून एकदाच वाचायची, हे त्या क्षणापुरते खरे असते. दिशा अनेकदा वाचून सरासरी काढावी तर साधी सरासरी फसवते. ३५० अंश आणि १० अंश, दोन्ही जवळजवळ उत्तरेच्या दिशा, त्यांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे थेट दक्षिण! तेथे सदिश पद्धतच हवी. वाऱ्याच्या वेगाची सरासरी सहसा दहा मिनिटांची धरतात आणि झोत तीन सेकंदांचा. ओढ्याची पातळी मात्र एरवी तासाने वाचली तरी चालेल आणि पाऊस वाढताच दर मिनिटाला वाचायला हवी. म्हणजे प्रत्येक राशीचा स्वतःचा ठेका असतो. सर्वांना एकाच दहा मिनिटांच्या दाव्याला बांधणे सोयीचे असते, शास्त्रीय नसते.

आमचा मुख्य आक्षेप मात्र एका आज्ञावलीवर नाही, एका सवयीवर आहे. स्वयंचलित केंद्राचा तक्ता हाती येतो तेव्हा त्यावर जागेचे नाव, तारीख, वेळ आणि मिलिमीटर असतात. संवेदक किती वेळ चालू होता, वाचन कितीदा झाले, पाऊस स्वतंत्र गणकाने मोजला की ‘पाहत राहून’, यांतले काहीही नसते. इतर केंद्रांत आमच्यासारखाच दोष आहे असा आरोप आम्ही करीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, तो नाही हे तक्त्यावरून कळण्याची सोय हवी. आकड्यासोबत आज्ञावली, निदान तिचा एका पानाचा सारांश, जाहीर झाला पाहिजे. विम्याची भरपाई आणि पुराचा इशारा ज्या आकड्यावर ठरतो, तो कसा जन्मला हे जाणून घेण्याचा हक्क शेतकऱ्याला आणि नदीकाठच्या माणसाला आहे. आणि जेथे शक्य असेल तेथे यंत्राशेजारी साधा पर्जन्यमापक व मोजणारा माणूस ठेवलाच पाहिजे. खर्च फारसा नाही, आणि दोन आकड्यांत भांडण लागले की सत्य सापडण्याची शक्यता निर्माण होते.

शिक्षकांनी हे वर्गात करून पाहावे. २० सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर भरते. त्यात एक लिटर पाणी ओतले तर ते ३१.८ मिलिमीटर पावसाइतके होते, म्हणजे ०.२ मिलिमीटरचा कप्पा १५९ वेळा पलटला पाहिजे. सलाइनच्या नळीने हे पाणी प्रथम दोन तासांत थेंबथेंब सोडावे, मग तेवढेच पाणी पंधरा मिनिटांत. दुसऱ्या खेपेला पावसाचा वेग ताशी १२७ मिलिमीटर होतो. दोन्ही वेळा यंत्राने मोजलेला आकडा लिहावा. चाचणीच्या वेळी केंद्रावर जे जे जोडलेले असते ते सर्व येथेही जोडलेले असावे. ही एक अट आम्ही पाळली नव्हती.

आकडे कमी भरले तर विद्यार्थ्यांना लगेच उत्तर सांगू नये. त्यांच्यापुढे आज्ञावली ठेवावी आणि एकच प्रश्न विचारावा : प्रत्येक ओळ चालू असताना, पाऊस कोण ऐकत आहे?